अकरावं पाकीट

गहू संशोधन केंद्रात वही बंद झाली आणि टॅब आला, त्याच हंगामात काकूंचे गुडघे बोलायला लागले.

तसं पाहिलं तर काम तेच होतं. गव्हाच्या नव्या वाणांचे दोनशे वाफे. वीस ओळी, एकेका ओळीत दहा. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक खुंटी, खुंटीवर नंबर. काकूंनी लाकडी पट्टी घेऊन वाफ्यात शिरायचं. रोप किती उंच, ओंबी कधी आली, तांबेरा रोग किती, ओंबीला कुसळ आहे की नाही, हे बघायचं आणि लिहायचं. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. वही काखेत, पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधलेली, आणि डोक्याला घट्ट रुमाल.

टॅबचं तंत्र वेगळं. खुंटीवर आता नंबराखाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला. तो टॅबला दाखवायचा, टॅबने टुंक करायचं, मग आकडा भरायचा. आणि टॅब महाहट्टी! दहा नंबर झाला की त्याला अकराच हवा, दुसरं काही दाखवलं की लाल होऊन बसायचा. ओळ सुरू व्हायची विहिरीच्या बाजूला आणि संपायची कुंपणाला. दहाची खुंटी कुंपणाशी आणि अकराची परत विहिरीशी. म्हणजे काकूंनी कुंपणापर्यंत मोजत जायचं आणि रिकाम्या हाताने अख्खी ओळ मागे यायचं. वीस ओळींना वीस खेपा फुकटच्या. पूर्वी वहीत कसं, जाताना एक ओळ, येताना दुसरी. जिथे असेल तिथला नंबर लिहिला की झालं, नंबर कुठून कुठे चाललेत ते बघायचं कामच नव्हतं.

"आई, सुजलाय की हो," सून म्हणाली. ती संध्याकाळी पोस्टातून आली की सासूच्या गुडघ्याला तेल लावत बसायची. "डॉक्टरांकडे जाऊ या."

"डॉक्टर काय करणार? त्या टॅबलाच न्या डॉक्टरकडे. त्याच्याच डोक्यात बिघाड आहे."

कोपऱ्यात जेवत बसलेले आप्पा यावर हसले असते. एरवी हसलेच असते. बायकोने कुणाला टोमणा मारला की त्यांना घास जास्त गोड लागायचा. पण त्या दिवशी ते ताटावरून उठले आणि हात धुवायला मोरीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

झालं होतं ते असं.

आप्पा केंद्रातले पेरणारे. ढकलायचं एक छोटं पेरणी यंत्र, वर नरसाळं. वाफ्याच्या तोंडाशी आलं की पाकीट फाडायचं, बी नरसाळ्यात सोडायचं, चार मीटर ढकलायचं, पुढचं पाकीट. दोनशे वाफ्यांची दोनशे पाकिटं, नंबरवार ट्रेमध्ये लावलेली. वाचायला सोपं वाटतं, पण एक पाकीट इकडचं तिकडे झालं की पुढचे सगळे वाण एकमेकांच्या नावाने वाढणार. एकतीस वर्षांत आप्पांच्या हातून एक पाकीट हललं नव्हतं. ओळ अशी सरळ, की बघणाऱ्याने दोरी शोधावी. म्हणूनच केंद्रात सगळे त्यांना दोरीआप्पा म्हणायचे.

शनिवारी बाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं. बाई म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या, केंद्राच्या प्रमुख. मनाने चांगल्या, पण हिशेबाला कडक. टेबलावर कॉम्प्युटरातून काढलेला कागद होता.

"आप्पा, या वर्षी दर दहा पाकिटांमधलं तिसरं पाकीट बोडक्याचं होतं. बरोबर?"

"बरोबर." बोडका म्हणजे बिनकुसळाचा जुना गहू. नवे वाण चांगले की वाईट हे कुणाशी तरी ताडून बघायला लागतं, म्हणून तो मध्ये मध्ये पेरायचा. कुसळ नसल्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो.

"म्हणजे वीस वाफ्यांत बोडका दिसायला हवा. काकूंच्या नोंदी बघितल्या. वीसपैकी दहा ठिकाणी कुसळवाला गहू उभा आहे." त्यांनी काकूंकडे बघितलं. "कुसळाची नोंद तुम्हीच केलीत ना?"

"मीच केली," काकू म्हणाल्या.

"चुकून?"

"कुसळ असतं किंवा नसतं, बाई. त्यात काय चुकायचं?"

"मग पेरताना पाकिटं मागेपुढे झाली असणार."

"माझ्या हातून नाही झाली," आप्पा म्हणाले.

बाईंनी कागद उलटा करून ठेवला. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आप्पा, बोडका दिसतो म्हणून दहा चुका कळल्या. बाकीच्यांत किती असतील, देव जाणे. असा प्रयोग ठेवून उपयोग नाही. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर सोमवारी सगळं कापून जनावरांना घालू. आणि पुढच्या वेळेपासून तुम्ही गोदाम बघा. वयही झालंय. पेरणीला दुसरा माणूस घेऊ."

आप्पांनी मान हलवली आणि बाहेर आले. यंत्राच्या शेडपाशी थांबून त्यांनी नरसाळ्यावरची धूळ बाहीने पुसली. काकूंना ते बघवेना. नवऱ्यावर ठपका आला होता, आणि तो आला होता त्यांच्याच नोंदीवरून.

सोमवारपासून ट्रेनिंग लागलं. पाच दिवसांचं, नोंदी ठेवणाऱ्या सगळ्यांना सक्तीचं. शिकवायला शहरातून मास्तर आले होते. खरं तर ते कॉम्प्युटरवाले, पण पहिल्याच दिवशी फळ्यावर 'सुप्रभात' लिहिलं म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले. पोरसवदा, गोरेगोमटे, बुटांना माती लागली की दर दहा मिनिटांनी पुसणारे. पेरणीनंतर एकदा येऊन त्यांनीच प्रोग्राममध्ये शेताचा नकाशा केला होता आणि ठिपक्यांच्या खुंट्या छापून ऑफिसातल्या माणसांकडून ठोकून घेतल्या होत्या. आप्पा तेव्हा यंत्र घेऊन खालच्या शेतात पेरायला गेले होते. त्याआधी खुंट्या आप्पाच ठोकायचे, यंत्रामागोमाग.

जुन्या बीगोदामात खुर्च्या मांडलेल्या. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, हवेत गव्हाचा भुसा, आणि वर पंखा नुसताच खडखडणारा. प्रत्येकाच्या हातात टॅब.

"इथे बोट ठेवा," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी ठेवलं. काकूंनी ठेवलं, काहीच झालं नाही. पुन्हा ठेवलं. दाबलं. घासलं.

"काकू, दाबायचं नाही. हलकेच."

"हलकेच ठेवलंय हो. त्याला कळतच नाहीये मी आलेय ते."

मागून हशा पिकला. मास्तर जवळ आले, त्यांनी काकूंचं बोट हातात धरून बघितलं. बावीस वर्षं ओंब्या चोळून, कुसळं टोचून बोटाचं टोक चामड्यासारखं झालं होतं. ते टॅबला बोट वाटतच नव्हतं. काकूंचा चेहरा तापला. हात पदराखाली घ्यावा असं वाटलं, पण मास्तरांनी हसण्यावारी नेलं नाही. खिशातून एक रबरी टोकाची पेन्सिल काढून दिली. "ही तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे दुसरी आहे."

काकूंना तो पोरगा तेव्हापासून आवडला. त्यामुळे पुढची पंचाईत जास्तच झाली.

दोन दिवस गेले. काकू शिकत होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्यांना मजाही येत होती. एका वाणावर बोट ठेवलं की त्याचे आईबाप दिसत, आजीआजोबा दिसत, पणजोबा कुठल्या साली पेरला होता तेही दिसे. "अगं बाई, हा तर आपल्या तांबड्या गव्हाचा नातू!" त्या ओरडल्या तेव्हा मास्तरसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आले. गेल्या वीस वर्षांतल्या काकूंच्या वह्यांचे आकडे कुणीतरी बसून त्यात भरले होते. आपलं अक्षर नसलं तरी आकडे आपले आहेत, हे त्यांना चटकन ओळखू आलं. घरी येऊन त्यांनी सुनेला सगळं सांगितलं.

"आईंची लायब्ररी झाली म्हणा की," सून म्हणाली.

आप्पा ऐकत होते. म्हणाले, "कागद म्हणेल ते खरं आता." तेवढंच. चार दिवसांत ते घरात याहून लांब वाक्य बोलले नव्हते. जेवण अर्धं, झोप अर्धी. कामावर जायचे, यायचे, आणि परसातल्या भाजीच्या तुकड्यात जाऊन बसायचे. भांडले असते तर काकूंनी उलट चार शब्द सुनावून मोकळं केलं असतं, पण हा माणूस भांडतही नव्हता.

"तुम्ही एकदा तरी म्हणा ना, की माझंच मोजणं चुकलं असेल," त्या बुधवारी म्हणाल्या.

"तुझं कशाला चुकेल?" आप्पा म्हणाले. "तुला कुसळ ओळखता येत नाही होय?" आणि ते परसाकडे निघाले.

गुरुवारी संध्याकाळी काकू ट्रेनिंगवरून आल्या आणि परसाच्या पायरीवर गुडघा लांब करून बसल्या. ऊन उतरलं होतं. सून आत चहा टाकत होती. आप्पा कोळपं घेऊन भाजीच्या सऱ्यांमधलं तण काढत होते. एक सरी घराकडून कुंपणापर्यंत. कुंपणाशी पोचले, कोळपं उचललं, वळले, आणि तिथूनच दुसऱ्या सरीत उतरून घराकडे येऊ लागले. काकू बघत होत्या. म्हणजे नुसत्या नजर लावून बसल्या होत्या, मनात गुडघ्याचेच विचार. हा माणूस बघा, एक पाऊल फुकट टाकत नाही. आणि मी मेली रोज वीस खेपा रिकामी...

त्यांचं मन तिथेच अडकलं.

"अहो."

"काय?"

"पेरताना दहावं पाकीट कुंपणाशी संपतं. मग अकरावं कुठे टाकता?"

आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू त्यांनी दोन अधिक दोन किती ते विचारलं. "कुठे म्हणजे? वळायचं आणि तिथेच टाकायचं. दहाव्याच्या शेजारी."

"कुंपणाशी?"

"मग काय यंत्र खांद्यावर घेऊन विहिरीपर्यंत परत यायचं?"

"अहो, पण अकराची खुंटी विहिरीशी ठोकलीय!"

आप्पा कोळपं धरून उभे राहिले. सून चहाचे कप घेऊन दारात आली ती तशीच थांबली. मग आप्पा हळूच म्हणाले, "कुणी ठोकली?"

"ऑफिसाने. नकाशा बघून."

"मला वाटलं, मी ठोकतो तशाच ठोकल्या असतील." ते पायरीवर येऊन बसले. हाताला माती तशीच. "मी त्यानंतर त्या शेतात गेलोच नाही गं. यंत्र घेऊन लगेच खालच्या शेतात पाठवलं मला."

"आता बाईंना सांगू या," सून म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. "आधी डोळ्यांनी बघते. पुन्हा तोंडघशी नाही पडायचं."

शुक्रवारी कामाची घंटा व्हायच्या आत काकू शेतात होत्या. दव होतं, लुगडं पोटरीपर्यंत भिजलं. पहिली ओळ: विहिरीकडून तिसरा वाफा, बोडका. खुंटी तीनची. बरोबर. दुसरी ओळ. विहिरीकडून तिसरा वाफा, खुंटी तेराची. कुसळंच कुसळं, दवाने चमकणारी. काकू न थांबता कुंपणाशी गेल्या आणि तिकडून मोजलं. एक. दोन. तीन. बोडका! गुळगुळीत, बिनकुसळाचा, शहाण्यासारखा उभा. खुंटीवर अठरा. चौथ्या ओळीत कुंपणाकडून तिसरा, बोडका. सहाव्यात, आठव्यात, तसंच. त्यांनी विसाव्या ओळीपर्यंत मोजलं. गुडघा ओरडत होता आणि काकू हसत होत्या. शेवटच्या बोडक्याच्या ओंबीला त्यांनी हात लावला आणि म्हणाल्या, "सापडलास रे बाबा." मग डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने पुसलं.

त्या दिवशी परीक्षा होती. प्रत्येकाने प्रोग्राममध्ये आपल्या शेताचा नकाशा काढून दाखवायचा. काकूंनी रबरी पेन्सिल धरली, वीस ओळी भरल्या, दहा वाफे भरले. खाली एका कोपऱ्यात दोन छोटी चित्रं होती. एकात सगळे बाण एकाच दिशेचे. दुसऱ्यात बाण जाणारा, वळणारा, येणारा. ते चित्र कुणी शिकवलं नव्हतं. काकूंनी दुसऱ्यावर पेन्सिल टेकवली. नकाशावर दुसऱ्या ओळीतले आकडे गर्रकन उलटे झाले. अकरा जाऊन दहाच्या शेजारी बसला.

मास्तर फिरत फिरत आले. "काकू, सगळं छान जमलंय. फक्त हे खालचं चुकून लागलं. ते पहिलंच ठेवायचं."

"चुकून नाही लागलं, मुद्दाम लावलंय."

"पण आपल्या शेताला पहिलंच आहे. मीच केलाय तो नकाशा."

एवढ्या लोकांसमोर या पोराला कसं सांगायचं? काकूंनी आवाज खाली आणला. "मास्तर, तुम्ही पुस्तक वाचता, तेव्हा ओळ संपली की नजर उचलून पुन्हा सुरुवातीला आणता ना?"

"हो."

"नजरेला वजन नसतं. आमच्या ह्यांच्या हातात दीड मणाचं यंत्र असतं. ते ओळ संपली की तिथेच वळतात."

मास्तरांनी काकूंच्या टॅबवर बघितलं, भिंतीवरच्या स्वतःच्या नकाशाकडे बघितलं, आणि त्यांचे कान लाल होत गेले. हळूहळू लाली मानेपर्यंत आली. "म्हणजे... एक सोडून एक ओळ..."

"उलटी. तेराचा बोडका अठराच्या खुंटीशी उभा आहे. सकाळीच बघून आलेय. वीसच्या वीस आहेत जागेवर."

मास्तर चूप बसू शकले असते. कोपऱ्यातल्या चित्रावर पेन्सिल टेकवून, आकडे फिरवून, काहीतरी थातुरमातुर सांगून मोकळे होऊ शकले असते. पण ते सरळ उठले आणि ऑफिसकडे चालू लागले. बूट चिखलात गेले तरी पुसायला थांबले नाहीत. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "मॅडम, पेरणी चुकलेली नाही. नकाशा चुकला. चूक माझी आहे."

दहा मिनिटांत सगळं केंद्र शेतात. बाई स्वतः कुंपणाशी गेल्या, दुसऱ्या ओळीत मोजून तिसऱ्या वाफ्याशी थांबल्या. चौथ्या ओळीत. सहाव्या. मग त्यांनी मान वर केली आणि मोठ्याने हाक मारली, "आप्पांना बोलवा रे!"

आप्पा गोदामातून आले. कपड्यांवर भुसा. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या देखत. "आप्पा, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. एकही पाकीट चुकलेलं नाही. यंत्र तुमच्याकडेच राहील."

आप्पांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा ओळीकडे. म्हणाले, "गहू चांगला आलाय, बाई. कापू नका."

"कशाला कापू?" बाई म्हणाल्या आणि हसल्या. सगळेच हसले.

दुपारी काकूंना कागदी प्रमाणपत्र मिळालं. मास्तरांनी त्यावर शेरा लिहिला होता: 'नकाशाच्या कामात प्रथम.' ते द्यायला उभे राहिले तेव्हा त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

शनिवारी मास्तरांची शहराकडे जायची गाडी दुपारची होती, तरी सकाळी ते शेतात हजर. खुंट्या आपल्याच हातांनी बदलायच्या, असा त्यांचा आग्रह. मास्तरांकडे टॅब, काकूंकडे पट्टी, आप्पांकडे हातोडी आणि नव्या खुंट्यांचा भारा. पहिल्या ओळीत बदलायचं काही नव्हतं, नुसतं ताडून बघायचं होतं. एक, दोन, तीन. टॅब टुंक टुंक करत होता. उन्हात ओंब्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. आप्पा आठवडाभराचं साचलेलं बोलत होते: या वाफ्यात पेरताना वारा कसा होता, त्या वाफ्यात पाकीट फाटताना दोन दाणे कसे उडाले आणि ते कसे शोधून परत टाकले. काकू ऐकत होत्या. त्यांना हे सगळं पाठ होतं, तरी ऐकत होत्या.

कुंपणाशी दहावी खुंटी झाली. मास्तरांनी टॅब काखेत मारला, वळले, आणि विहिरीच्या दिशेने झपाझप परत चालू लागले.

काकूंनी तोंडावर पदर धरला.

"अहो मास्तर!" आप्पांनी हाक मारली. ते दुसऱ्या ओळीच्या कुंपणाकडच्या टोकाशी, दहाव्या वाफ्याच्या अगदी शेजारी, गुडघा टेकवून बसले होते, एका हातात हातोडी, दुसऱ्यात खुंटी. "तिकडे कुठे निघालात? अकरा इथे आहे."